उन्हाच्या बाजूची सीट

"मॅडम, माणसाचा अर्धाच चेहरा म्हातारा होऊ शकतो का?"

प्रश्न माझाच होता, पण तो माइकवर विचारून दाखव असं माझ्या मैत्रिणी केतकी आणि आफरीननं मला डिवचलं होतं. "निशी, तू माइक हातात धरलास तर आठवडाभर माझ्या डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी तुझी," केतकी म्हणाली होती. वडी आपल्याच डब्यात राहणार याची तिला खात्री होती. चौथीपर्यंत मी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायचे. मला जन्मापासून फार कमी ऐकू येतं. दोन्ही कानांमागे मशीन आहे, आणि माझा 'स' अजूनही ट्यूबमधून हवा सुटल्यासारखा निघतो. पण नववीत काय झालं कोण जाणे, मला माझाच आवाज आवडायला लागला. आई म्हणते, आता बंद करायचं बटणच सापडत नाही.

हॉलमध्ये दोनशे पोरं हसली. डॉ. टेंभुर्णे मॅडम हसल्या नाहीत. त्या चंद्रपूरहून आमच्या वरोऱ्याच्या शाळेत त्वचेच्या शिबिरासाठी आल्या होत्या.

"कुणाचा झालाय?" त्यांनी विचारलं.

"माझ्या बाबांचा. डावीकडचा. उजवीकडून बघितलं तर चाळिशीचे वाटतात, डावीकडून साठीचे. डावा गाल तपकिरी ठिपक्यांनी भरलाय."

"बाबा ड्रायव्हर आहेत?"

"नाही मॅडम. फोटो स्टुडिओ आहे. दिवसभर सावलीतच असतात."

मॅडमनी पेनचं टोपण लावलं आणि टेबलाच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या. नंतर त्यांनी जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे, कारण केतकीला हरवल्यावर माझं डोकं फार स्वच्छ चालत होतं.

उन्हाचा मार बसला, की कातडीच्या वरच्या पेशी खालच्या रंगपेशींना निरोप धाडतात: रंग पाठवा. रंग वर येतो, छत्रीसारखा पसरतो. ऊन सरलं की निरोप थांबतो. पण वर्षानुवर्षं तेच होत राहिलं तर कुठेतरी निरोप थांबतच नाही. दाराची बेल दाबावी आणि ती आतच अडकून बसावी, तसं. मग त्या जागी रंग येतच राहतो. उन्हाचा डाग म्हणजे अडकलेली बेल. दुखत नाही, खुपत नाही, नुसता दिसतो. आणि कुणाची बेल लवकर अडकणार, कुणाची नव्वदीतही नाही, हे बरंचसं आईबापांकडून येतं. त्यासाठी एकच जनुक नसतं. रंग ठरवणारी काही, उन्हाची मोडतोड दुरुस्त करणारी काही, अशी बरीच असतात, आणि प्रत्येक थोडं थोडं पारडं झुकवतं.

"आता गंमत बघा," मॅडम म्हणाल्या. "गालाच्या आतून कापूस फिरवून आपण ती सगळी जनुकं वाचतो. त्यांच्यामुळे किती डाग पडायला हवे होते ते कळतं. तेवढे वजा केले की उरतात ते निव्वळ उन्हाचे. ते किती वर्षांचे, कोणत्या बाजूचे, हे आमचं ऊनवाचक यंत्र सांगतं. काच एका जातीचं ऊन अडवते आणि दुसऱ्या जातीचं खोल आत जाऊ देते. त्यामुळे ऊन उघड्यावरचं की काचेआडचं, हेही कळतं."

ऊनवाचकाबद्दल आम्ही ऐकून होतो. दोन वर्षांपूर्वी ते आलं तेव्हा शेतमजुरांची आणि रस्त्यावरच्या कामगारांची तब्येत तपासायला आलं होतं. मग लोकांनी आपले उद्योग सुरू केले. आफरीनच्या नात्यात एका नवरदेवाने 'ऑफिसात बसतो' असं सांगितलं होतं. मुलीकडच्यांनी त्याला यंत्रापुढे बसवलं. निघाला टॉवरवर चढणारा. लग्न झालं, पण आधी महिनाभर अबोला.

शिबिरात नववीच्या सगळ्यांच्या गालांत कापूस फिरला, आणि सोबत एक फॉर्म मिळाला. थांब-लेपाचा. सोळा वर्षं पूर्ण व्हायच्या आत तीन वेळा लावायचा. मग बेल कधी अडकतच नाही. जन्मभर डाग नाहीत. फुकट. फक्त एक गोष्ट खाली बारीक अक्षरांत होती: लेप लावलेला चेहरा ऊनवाचकाला पुढे कधीही वाचता येणार नाही. उन्हाची खूणच उरत नाही, तर वाचणार काय? होय की नाही, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

माझा निकाल गुरुवारी मोबाइलवर आला. वर बाण होता आणि लिहिलं होतं: डागांकडे कल जास्त. खाली: ही ठेवण वडिलांकडून असण्याची शक्यता मोठी.

मी धावतच स्टुडिओत गेले. आई कॉम्प्युटरवर कुणाच्या तरी पासपोर्ट फोटोची मागची भिंत पांढरी करत होती. बाबा लाइटची छत्री पुसत होते. माझे बाबा, दिगांबर वैरागडे, वरोऱ्यातल्या अर्ध्या लोकांचे फोटो काढून बसलेत, पण आमच्या घरात त्यांचा स्वतःचा एकही धड फोटो नाही. लग्नातला आहे, तेव्हा गाल स्वच्छ होता. त्यानंतर ते कायम कॅमेऱ्यामागे.

"मी लेप लावणार," मी जाहीर केलं. "बाबा, तुमची जनुकं आलीत माझ्यात. थँक्यू व्हेरी मच."

आई हसली. बाबाही हसले. मला तिथेच थांबायला हवं होतं. पण मला बटण नाही.

"म्हणजे खरंच," मी म्हणाले, "मला तुमच्यासारखं दिसायचं नाही. पोरी विचारतात, तुझ्या बाबांना भाजलं होतं का. तुम्ही पण डाग काढून घ्या ना, मोठ्यांसाठीसुद्धा आहे तिथे. गॅदरिंगला येता तेव्हा तुम्ही मागे खांबाआड उभे राहता. मला वाईट वाटतं."

बाबांचा हात छत्रीवरच राहिला. मग ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. आईनं मात्र माझ्याकडे असं बघितलं की मी माझ्या दोन्ही मशीन बंद करून टाकाव्यात.

"हे डाग कशाने पडले ते तरी सांगा," मी हळू आवाजात म्हणाले.

"पडले असतील कशाने तरी," बाबा म्हणाले. "कायले त्याची चौकशी करून राहिली?"

शनिवारी ते माझ्यासोबत चंद्रपूरला यायला तयार झाले. मॅडमनी मुद्दाम बोलावलं होतं. आदल्या दिवशी केतकीनं अंदाज बांधला होता की बाबांनी तरुणपणी काहीतरी लपवलेलं असणार.

सकाळी आठच्या एसटीत चढलो. मार्च संपत आला होता, आणि आमच्याकडे मार्च म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. वरोऱ्याहून चंद्रपूरला जाताना बस दक्षिणेकडे जाते, म्हणून सकाळचं ऊन डावीकडून येतं. दुपारी परतताना बस उत्तरेला तोंड करते आणि ऊन पश्चिमेला जातं, म्हणजे पुन्हा डावीकडेच. इथलं पाळण्यातलं पोरही हे जाणतं. उजवी बाजू खच्चून भरते, डावी रिकामी. कोळशाच्या ट्रकांची धूळ आत येऊ नये म्हणून काचा बंद ठेवतात, त्यामुळे डावीकडे तर भट्टीच.

उजवीकडे दोन जागा होत्या. बाबा सरळ डावीकडे गेले आणि सीटवर रुमाल झटकला.

"बाबा, तिकडे सावली आहे."

"अरे हो," ते म्हणाले. "सवय. बस तू तिकडं."

सवय कसली, असं मी विचारणार होते, पण गाडी सुटली. आम्ही उजवीकडे बसलो. पुढच्याच सीटवर आमच्या गल्लीतल्या सुकेशिनीताई होत्या, त्यांच्या चार वर्षांच्या रेवूला घेऊन. रेवूच्या कानांमागे माझ्यासारखीच मशीन, फक्त गुलाबी. ती चंद्रपूरच्या वाचा-केंद्रात बोलायला शिकायला जाते, रोज. त्याच केंद्रात मीही गेले आहे, तिसऱ्या वर्षापासून आठव्यापर्यंत. मला त्यातलं फारसं आठवत नाही. पाठीला लागणारा एक गरम गज आठवतो, आणि बाबांचा चेहरा. फार मोठा, फार जवळ, सोन्यासारखा.

सुकेशिनीताई खिडकीशी बसल्या होत्या आणि रेवूला काहीतरी शिकवत होत्या. "भेंडी. म्हण, भेंडी." रेवू त्यांच्याकडे बघायची आणि मान फिरवायची. बाबा सारखे तिकडेच बघत होते. हात एकदा पुढे केला, मग मागे घेतला. बाबा अनोळखी माणसाला 'जरा हसा' यापलीकडे काही सांगू शकत नाहीत, तेही कॅमेरा हातात असेल तर.

ऊनवाचक मला वाटलं होतं तसं भारी दिसत नव्हतं. हनुवटी टेकवायची आणि निळसर उजेडात दोन मिनिटं बसायचं, बस. बाबा बसले. पडद्यावर त्यांचा चेहरा आला आणि मी पुढे वाकले. त्या उजेडात कातडीच्या आतले डागही दिसतात. उजवी बाजू साध्या रात्रीसारखी होती. डावीकडे आकाशगंगा.

तिथला तंत्रज्ञ गोंधळला. "मॅडम, फोटो उलटा आलाय बहुतेक. आपल्याकडच्या ड्रायव्हरांचा उजवा गाल असा असतो, इथे डावा दिसतोय."

"नाही उलटा," बाबा खुर्चीतूनच म्हणाले. "शर्टाचा खिसा बघा. पंचवीस वर्षं फोटो काढतो भाऊ, उलटा-सुलटा मले कळते."

मग निकाल आला. जनुकांचा वाटा काढून टाकल्यावर उरलेलं ऊन: काचेआडचं. डावी बाजू, आणि जरा समोरून. सुट्ट्या सोडून रोज दोन-अडीच तास. सुमारे पाच वर्षं. थांबून सात वर्षं झाली. आणि शेवटी, ऊनवाचकाच्या अतिहुशार मेंदूने केलेला अंदाज: व्यवसाय वाहनचालक, डाव्या हाताला चालकाची जागा असलेल्या देशात वास्तव्याची शक्यता.

"दुबई?" मी जवळजवळ ओरडले. "बाबा, तुम्ही दुबईत टॅक्सी चालवत होता?"

"मले सायकल नीट येत नाही," बाबा म्हणाले.

मॅडम मात्र निकालाकडे बघत राहिल्या. "यंत्र चुकलंय ते व्यवसायात," त्या म्हणाल्या. "उन्हात नाही. वैरागडे, एक विचित्र आहे. गाडी चालवणारा समोर बघतो, त्याला ऊन बाजूनं लागतं. तुम्हाला मात्र कलतं लागलंय. म्हणजे तुम्ही रोज दोन तास खिडकीकडे तोंड वळवून बसत होता. असं उन्हाकडे तोंड करून कोण बसतं?"

बाबा खिशातला रुमाल काढून घाम पुसू लागले. खोलीत एसी होता.

"सांगतो कधीतरी," ते म्हणाले. मॅडमनी मोठ्यांच्या उपचाराचा कागदही त्यांना दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला.

दुपारी साडेतीनच्या गाडीला आम्ही लागलो, आणि रेवूही होती. पुन्हा उजव्या बाजूला गर्दी, डावी रिकामी. पुन्हा सुकेशिनीताई खिडकीशी, रेवू आतल्या बाजूला. ताई दमल्या होत्या तरी सोडत नव्हत्या. "पपई. बघ माझ्याकडं. प-प-ई." रेवू रडकुंडीला आली. ताईसुद्धा.

"एप्रिलपासून केंद्रात येणंही बंद," त्या आईला सांगावं तसं मला सांगत होत्या. "माह्या रजा संपल्या. अंगणवाडीवर हजर व्हा लागते. हिचे बाबा तिकडं पुण्याला, अर्ध्या जूनशिवाय येत नाहीत. तोवर घरी राहिली तर शिकलेलं सारं विसरते म्हणतात केंद्रातल्या बाई."

तेव्हा बाबा उठले. माझे बाबा, जे खांबाआड उभे राहतात, ते भरल्या बसमध्ये उठून उभे राहिले.

"ताई, राग येऊ देऊ नका. तिकडं डावीकडं बसा."

"उन्हात?"

"उन्हातच. तुमच्या मागं खिडकी आहे. उजेड तुमच्या पाठीमागून येऊन राहिला, म्हणून तिले तुमचं तोंड काळं दिसते. नुसती सावली. बसमध्ये इंजिनाच्या आवाजात मशीननं कितीसं ऐकू येणार? तिले तुमचे ओठ पाहायचे आहेत. पोरीले खिडकीशी बसवा, तिची पाठ उन्हाकडे करा, डोक्यावर टोपी घाला. तुम्ही आत बसा आणि तिच्याकडं तोंड करा. उजेड चेहऱ्यावर पडला पाहिजे. फोटोचं असंच असते."

बसमधले दोघेतिघे हसले. कुणीतरी म्हणालं, "काऊन भाऊ, माय-लेकीले शेकायले लावता का?"

बाबांनी ऐकलं नाही. रेवूला त्यांनी स्वतः उचललं, डाव्या खिडकीशी बसवलं, आपला रुमाल तिच्या डोक्याला बांधला. सुकेशिनीताई तिच्यासमोर वळून बसल्या आणि ऊन थेट त्यांच्या चेहऱ्यावर आलं. त्यांनी डोळे बारीक केले. चेहरा सोन्यासारखा झाला.

"पपई," त्या म्हणाल्या.

रेवूनं त्यांच्या ओठांवर बोट ठेवलं. मग स्वतःचे ओठ मिटले आणि उघडले. आवाज आला नाही. पण ओठ दोनदा मिटले, दोनदा उघडले, अगदी बरोबर.

आणि माझ्या पाठीला तो गरम गज लागला. खरं तर मी उजव्या बाजूला सावलीत बसले होते, तरी लागला. पाच वर्षं. रोज दोन अडीच तास. खिडकीकडे तोंड करून. खिडकीकडे कुठलं, माझ्याकडे. रस्त्यात जे जे येईल ते: खांब, ट्रक, बोर, भट्टी. ओठांवर 'बाबा' आणि 'मामा' एकसारखंच दिसतं, म्हणून मी दीड वर्ष यांना मामा म्हणत होते आणि कंडक्टर यांना पोरीचा मामाच समजत होता, ही गोष्ट आई दर दिवाळीला सांगते. माझा पहिला शब्द 'म्हस' होता, भद्रावतीजवळ, हेही सांगते. पण तो शब्द मला दिसावा म्हणून माणूस कुठे बसला होता, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं.

मॅडम, केतकी, आफरीन, नोंद घ्या. भद्रावती ते वरोरा मी एक शब्द बोलले नाही.

वरोऱ्याच्या स्टँडवर बाबा बाकावर टेकले तेव्हा म्हणाले, "बाबा, तुम्ही मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? उन्हात बसलो म्हणून?"

"मी त्या दिवशी तसं बोलले तरी?"

"तू बोलली तेव्हा मी काय पाहून राहिलो होतो माहीत आहे?" बाबा म्हणाले. "तुझा 'स'. 'तुमच्यासारखं दिसायचं नाही,' असं म्हटलं तू. त्यातला 'सा' एकदम साफ आला. पहिल्यांदा."

मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले, बस.

घरी आईनं पोहे टाकले होते. स्टुडिओ बंद करून ती ओट्याशी उभी होती, आणि तिला सगळं माहीत होतं. ती पाच वर्षं बाबा रोज सकाळी माझ्यासोबत निघायचे, म्हणून स्टुडिओ तिनं एकटीनं चालवला होता. कॅमेरा तिला बाबांनी रात्री जेवल्यावर शिकवला. पहिल्या वर्षी तिनं वरोऱ्यातल्या कितीतरी लोकांची डोकी फ्रेमबाहेर उडवली होती, असं ती हसत हसत सांगू लागली, आणि मला वाटलं, या घरात मी एकटीच बोलायला शिकले असं नाही.

मी फॉर्म काढला आणि ताटाशेजारी ठेवला. बाबांनी खिशातला आपलाही कागद काढून ठेवला.

"मी ठरवलंय," मी म्हणाले. "बाबांचं बाबांनी ठरवायचं. चेहरा त्यांचा आहे. काढा, ठेवा, काहीही करा. पण त्याआधी मला आपल्या तिघांचा एक फोटो पाहिजे, आणि त्यात तुम्ही डावीकडून दिसले पाहिजेत."

"टायमर लावतो," बाबा म्हणाले.

"आणि तुझं?" आईनं विचारलं. "आता लेप नको म्हणशील. बापाची खूण म्हणून."

"लेप लावणार आहे."

बाबांनी मान हलवली, ठीक आहे अशा अर्थाने. आई जरा चकित झाली, ते मला आवडलं.

"लावणार, कारण मला तो लागणार आहे. बाबांचं सगळं आलंय माझ्यात, यंत्रानेच सांगितलं. सुट्टी लागली की रेवूला चंद्रपूरला मी नेणार. एप्रिल, मे आणि अर्धा जून. रोज. येताना सुकेशिनीताईंना विचारून आले, त्या रडल्या, म्हणजे हो."

"निशिगंधा," आई म्हणाली. पूर्ण नाव म्हणजे गंभीर. "पुढचं वर्ष दहावीचं. आणि मे महिन्यात, चंद्रपूरच्या बसमध्ये? सेहेचाळीस असते बाप्पा तिकडं."

"रेवू केंद्रात असताना दुपारपर्यंत मी तिथेच बसून अभ्यास करीन. तिथे कूलर आहे."

"तो लेप लावल्यावर काही खूण राहणार नाही," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते, समोरून, पूर्ण चेहऱ्याने. "दोन महिने जाशील, पुढं कोण्या यंत्राले समजणारही नाही."

"न समजू दे. रेवू बोलेल ना."

आईनं पोह्यांवर लिंबू पिळलं. बराच वेळ पिळत राहिली. मग म्हणाली, "टोपी घेऊन जाशील. पाण्याची मोठी बाटली. आणि गाडीत जागा धरायला अर्धा तास आधी निघशील."

"त्याची गरज नाही आई," मी म्हणाले. "आम्ही बसणार ती बाजू रिकामीच असते."